हिरा आत्याचं औषध

मुंबई, बुधवार

आये,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. आम्ही बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? फोन केला की बाबा ऐकतात, म्हणून लिहितोय.

खरं सांगतो, बरे नाही आहोत. तुझी नात शमिका आठ दिवस झोपली नाही. जिन्यात उभी राहून शेजारणींवर गाणी रचायची, गौरीत हिरा आत्या रचायची तशीच. आम्ही कौतुकच केलं. मग पोर गच्चीच्या कठड्यावर चढली. आता इस्पितळात आहे.

डॉक्टर म्हणाले, अशी कला आणि हा आजार, दोन्हींची काही मुळं रक्तात एकच असू शकतात. घरात आधी कुणाला होतं का? मी नाही म्हणालो. माझं लग्न मोडू नये म्हणून 'आत्या तापाने गेली' असं आपण सांगितलं. आता बायकोसमोर कुठल्या तोंडाने बोलू?

पण उद्या डॉक्टरांना सांगणारच. घरातल्या माणसाला लागू पडलेलं औषध पोरीलाही पडू शकतं, म्हणतात. आये, आत्यासाठी तू देवीला गाऱ्हाणं घातलंस, तिच्या खोलीला बाहेरून कडी लावलीस, ते मला आठवतं. एक तरी गोळी दिली होतीस ना गो?

तुझा,
रूपेश