खडूची भिंत

बाई,

१. कशेळीच्या पुढे, खाडीकाठच्या एका गावात गोडाऊनच्या नव्या प्रकल्पाची जनसुनावणी झाली.
२. आमच्या कंपनीच्या साहेबांनी वाचलं, “एक्झिस्टिंग ॲक्सेस विल बी सूटेबली रॅशनलाइज्ड.”
३. ते मराठीत सांगायचं काम माझं होतं. “सध्याच्या वाटेचं सुयोग्य नियोजन म्हणा आणि पुढे चला,” असं साहेबांनी आधीच बजावलं होतं.
४. मी सांगितलं नाही. काढून दाखवलं.

सातवीतला तो दिवस तुमच्या लक्षातही राहिला नसेल. विज्ञानाचा तास, खिडकीबाहेर लूमचा खडखडाट. चुलतभावाच्या पुस्तकातून पाठ केलेली बाष्पीभवनाची व्याख्या मी इंग्रजीत धडाधड म्हणते आहे आणि वर्ग आ वासून ऐकतो आहे. तुम्ही खडू पुढे करता. “झकास. आता काढून दाखव.” मला काहीच काढता येत नाही. “म्हणजे तुला कळलेलं नाही,” तुम्ही म्हणालात. “आणि कळूनही काढत नसशील, तर समोरच्याला कळू द्यायचं नाहीये.” वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत.

त्या सभागृहातही माणसं तशीच ऐकत होती. इंग्रजी संपल्यावर काहींनी टाळ्या वाजवल्या. नकाशा माझ्याच हातचा, त्यामुळे गोडाऊनची भिंत कुठे येणार हे मला ठाऊक होतं. इतक्या मऊ शब्दांत ती अख्खी मावली, याचं नवल अजून ओसरलेलं नाही. पुढच्या रांगेतली एक आजी म्हणाली, “साहेब, तुमचा इंग्लिश लय गोड हाय. पन त्यात आमची वाट कुठं हाय?” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शहाबादी फरशीवर गुडघे टेकले. खडूनं घरं काढली, मासळी सुकवायची जागा काढली, खाडी काढली. मग मधोमध भिंत, एका रेघेत.

आजी उठली. चित्रातल्या आपल्या घरापासून अनवाणी चालत निघाली आणि रेघेपाशी थांबली.

“मंग होडीवर जायाचा कुठून?”

“हायवेवरून, आजी. मोठ्या गेटातून.”

“डोक्यावर पाटी घेऊन? ट्रकांमधून?”

“ट्रकलाच हात कर ना, आजी!” मागून कुणी ओरडलं. हशा पिकला आणि लगेच विझला.

बाई, तो साधा खडू होता. ओढणीच्या टोकानं पुसला गेला असता. पण एकेक जण येऊन रेघेच्या अलीकडे उभा राहू लागला आणि पलीकडे पाऊल कुणी टाकेना. निघताना साहेबसुद्धा रेघेला वळसा घालून गेले. मी पूल पाहिलेत, बोगदे पाहिलेत. इतकं भक्कम बांधकाम पाहिलेलं नाही.

चित्र चुकीचं होतं, असं मी सोमवारी कंपनीला लिहून द्यायचं आहे. नाहीतर नोकरी जाईल. चित्र बरोबर होतं.

ऐनवेळी सुचलं, असं मी साहेबांना सांगितलं. ते खरं नाही. खडू मी घरूनच पर्समध्ये टाकून नेला होता.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली; हे पत्र माझ्याच टेबलावर राहणार, हे मला कळतं. तरीही, मी काय लिहून देऊ ते कृपया रविवार संध्याकाळपर्यंत कळवा.