अहो, हरामखोर

यशवंतपूर, बंगळूर
बुधवार, ४ नोव्हेंबर १९९८

चि. सुशांत,

आशीर्वाद. आधी खुर्ची ओढून बस. तू उभ्या उभ्या पत्र वाचतोस आणि अर्ध्यातच टेबलावर टाकून देतोस, हे मला इथे बसून ठाऊक आहे. हे पत्र तसं वाचायचं नाही.

इकडे सगळे खुशाल. दिवाळी बरी गेली. तुझ्या आईचा गुडघा थंडीने कुरकुरतोय, पण तिची कुरकुर गुडघ्याहून जास्त आहे, म्हणजे तब्येत चांगली समज. कांदा यंदा हात लावू देत नाही. बाजाराच्या लॉऱ्या मात्र आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या असतातच, नुसता वास घेऊन आम्ही जेवतो. अलकाच्या ऑफिसातला एक जण उद्या तुझ्याच गावी येतोय. त्याच्याबरोबर चिवडा, चकल्या आणि हे पत्र देतोय. म्हणजे रविवारी तू फोन करण्याआधी ते तुझ्या हातात पडेल. हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं, पण फोनवर तू बोलतोस आणि आम्ही हो हो म्हणतो. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही, ही मोठीच सोय आहे.

तर नाटक. प्रयोग शनिवारी, एकवीस तारखेला आहे, इंदिरानगरमधल्या त्या छोट्या नाट्यगृहात. छोटं म्हणजे पहिल्या रांगेतला माणूस खोकला तर रंगमंचावरच्याने पाणी द्यावं, एवढं छोटं. नाटक अलकाने स्वतः लिहिलंय. तीच पुण्याची अलका, कॉम्प्युटर कंपनीतली, गणपतीत आपल्याकडे जेवायला आली होती आणि भात संपेपर्यंत बोलत होती. रहस्यनाट्य आहे, पात्रं दोनच. एक बाई घरात एकटी आहे. टेलिफोन दुरुस्त करायला एक माणूस येतो, आत आल्यावर दार लावून घेतो आणि बोलायला लागतो. तो बोलतो, बोलतो, आणि हळूहळू आपल्याला कळतं की तो साधा मेकॅनिक नाही, त्याने पूर्वी एक खून केलाय. दुसऱ्या अंकात कळतं की त्याने जिला मारलं ती या बाईची बहीण होती. फोन या बाईनेच मुद्दाम बिघडवलाय. दार त्याने लावलं खरं, पण किल्ली हिच्या हातात आहे.

ती बाई म्हणजे आपली सिद्धी. हे तुला पहिल्यापासून माहीत होतं आणि तेव्हा तू काही म्हणाला नाहीस. मेकॅनिकचं काम त्रिविक्रम करत होता. त्याला कंपनीने तुझ्यासारखंच उचलून अमेरिकेला धाडलं. नाटकात दहा माणसं असती तर एक गेल्याने अडलं नसतं. दोनातला एक गेला की नाटक अर्धं जातं. अलका डोकं धरून बसली आणि म्हणाली, रद्द करूया. तेव्हा ही तुझी बायको, जी घरात मीठ मागायचं तरी दोनदा विचार करते, ती म्हणाली, "अण्णांना विचारू का?"

कारखान्याच्या नाट्यस्पर्धांत मी मिशा लावून खलनायक व्हायचो, ते फोटो तिने पाहिलेत. मी हो म्हणालो. तुझ्या आईने कपाळावर हात मारला आणि याला थेरं म्हणतात असं जाहीर केलं.

पहिल्याच तालमीत गाडी अडली. कशावर म्हणशील? "अहो"वर. शेवटच्या प्रवेशात बाई किल्ली दाखवते आणि म्हणते, "खूप बोललास तू. आता बस, आणि ऐक." सगळं नाटक या वाक्यावर उभं आहे. सिद्धी उठली, किल्ली काढली, पदर सावरला आणि म्हणाली, "खूप बोललात तुम्ही. आता बसा, आणि ऐका." अलका ओरडली, "अगं, खुनी आहे तो! चहा विचारतेस का त्याला?" पुन्हा केलं. पुढे एक शिवी आहे, तिथे ती म्हणाली, "अहो, हरामखोर!" मी हसून हसून खाली बसलो. ती रडकुंडीला आली. "माझ्या तोंडातून येतच नाही की हो, अण्णा," म्हणाली. निपाणीच्या घरातली मुलगी, सासऱ्याला तू म्हणायचं म्हणजे तिला देवाला लाथ मारल्यासारखं वाटत होतं.

माझंही काही वेगळं नव्हतं. पहिल्या अंकाच्या शेवटी मला तिचा गळा दाबायचा होता. माझे हात तिच्या खांद्याच्या अलीकडेच थांबायचे. सुनेच्या अंगाला हात लावायची आपल्याकडे रीत नाही आणि या वयात ती मोडवत नाही. शेवटी अलकाने टेलिफोनची वायर दिली. आता मी वायरने गळा आवळतो, हात तिला लागतही नाहीत, आणि बघायला ते जास्त भयंकर दिसतं.

"तू"बद्दलचा तोडगा मात्र तुझ्या आईचा. ती म्हणाली, "घरात सवय करा. नाहीतर तिथे माझी अब्रू जाईल." मग सिद्धी रोज सकाळी मला "ए, चहा घे" म्हणू लागली. पहिल्या दिवशी म्हणाली आणि लगेच स्वयंपाकघरात पळाली. मग "ए, पेपर दे." मग एका दुपारी आम्ही हॉलमध्ये तो प्रवेश करत होतो, तिने शिवी हासडली, आणि खिडकीशी शेजारच्या कावेरीअक्का उभ्या. "एनायितु, रायरे?" म्हणून, काय झालं ते घाबऱ्याघुबऱ्या विचारतायत. गळ्यात टेलिफोनची वायर असलेली आपली सून त्यांना म्हणते, "काही नाही अक्का, स्वल्प प्रॅक्टिस."

आपल्या मराठी मंडळाच्या चिटणिसांनीही मला बाजूला घेऊन विचारलं, सासऱ्याने सुनेचा गळा आवळणं बरं दिसतं का? मी म्हटलं, घराघरांत फुकट आवळतात, आम्ही तिकीट लावून आवळतो. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

शब्द येऊ लागला, पण नुसता शब्दच. सिद्धी "तू" म्हणायची, पण आवाज "अहो"चाच राहायचा. एवढ्याशा नाट्यगृहात असलं खोटं लपत नाही. अलका नुसतं "पुन्हा" म्हणायची.

आता मी हे सगळं एवढं लांबण लावून का सांगतोय, ते तुझ्या लक्षात आलं असेल. गेल्या रविवारच्या फोनबद्दल लिहायचं मी टाळतोय. पण टाळून भागणार नाही.

सुशांत, तू अजून फोनवर ओरडून बोलतोस. मी जेवणाच्या टेबलापाशी अवऱ्याच्या शेंगा सोलत होतो. मी कान लावून ऐकलं नाही, ऐकू आलं. मेकॅनिकचं काम आता मी करतोय असं तिने तुला हौसेने सांगितलं, आणि तू म्हणालास, "सासऱ्याबरोबर स्टेजवर झोंबाझोंबी करतेस? लाज नाही वाटत?" मग म्हणालास, ती थेरं ताबडतोब बंद. अठराच्या, म्हणजे तू परस्पर काढून पाठवलेल्या, तिकिटावर गुपचूप विमानात बसायचं. नाहीतर येऊच नकोस. ती तेवढ्या वेळात "अहो, ऐका ना" एवढंच म्हणत होती. मग तू फोन आपटलास.

त्यानंतरचं तुला माहीत नाही. तिने फोन कानालाच धरून ठेवला. आणि बंद पडलेल्या फोनमध्ये म्हणाली, "बरं. जेवण वेळेवर घ्या हं. ठेवते." आम्हाला कळू नये म्हणून. तुझी लाज आमच्यापासून लपवायला.

मला राग आला, सुशांत. आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. आपला मुलगा असं बोलतो हे आपण आपल्याच घरात बसून ऐकायचं, यासारखं दुसरं वाईट नाही.

संध्याकाळी ती तालमीला येणार नाही असं मला वाटलं होतं. ती स्कूटरपाशी माझ्या आधी येऊन उभी होती. शेवटचा प्रवेश सुरू झाला. माझं बोलणं संपलं. तिने किल्ली काढली. माझ्याकडे पाहत होती, पण मला पाहत नव्हती. आणि म्हणाली, "खूप बोललास तू. आता बस, आणि ऐक."

ओरडली नाही. उलट हळू बोलली. नाटकात मी तिथे बसत नाही, दाराकडे धावतो. पण मी खरोखरच बसलो. अलकाने थांबवलं नाही. पुढचं सगळं भाषण ती न अडखळता बोलली आणि मी खुर्चीतच ऐकत राहिलो. आता तो प्रवेश तसाच ठेवलाय.

तालीम संपल्यावर ती वाकून माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "चुकलं, अण्णा." मी म्हटलं, एकवीसला अशीच चूक. पण आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं की ते वाक्य माझ्यासाठी नव्हतं. ते तुझं होतं, मी नुसता तुझ्या जागेवर उभा होतो.

काल सकाळी तिने विचारलं, "अण्णा, एम.जी. रोडला सोडाल?" मी सोडलं. विमानाच्या तिकिटांच्या त्या ऑफिसात ती एकटी गेली, मी बाहेर स्कूटरवर बसून राहिलो. अठराला ती निघत नाही, एवढं मी सांगून टाकतो, कारण हे वाचताना तुझ्या हातात आपटायला फोन नाही. पुढची तारीख कुठली घातली, घातली की नाही, ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते तुझ्याशी बोलायचं आहे, आणि ते तीच बोलेल. "तुम्ही मधे पडू नका," असं तिने मला बजावलंय. मी मधे पडत नाही. मी फक्त तू पुन्हा फोन आपटू नयेस म्हणून आधी येऊन बसलोय.

तुला वाटेल, म्हाताऱ्याने सुनेला फूस लावली. वाटू दे. एकवीसला पडदा वर जाणार, आणि तो मी अडवू देणार नाही, तुलाही नाही. त्या मुलीने पहिल्यांदा काहीतरी स्वतःहून हातात घेतलंय आणि ती ते चांगलं करते. फार चांगलं करते, सुशांत. तू पाहिलं असतंस तर तुलाच अभिमान वाटला असता, असं मी अजूनही समजून चालतो.

तुझी आई विंगेत वही धरून बसणार आहे, आम्ही अडखळलो तर शब्द पुरवायला. मघाशी इथून जाताना मी काय लिहितोय ते तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "त्याला लिहा, मीही ऐकलं होतं."

रविवारी नेहमीच्या वेळी फोन कर. मी उचलणार नाही, तुझी आई उचलणार नाही. सिद्धी उचलेल. सवयीने ती आधी "अहो" म्हणेल. मग कदाचित "तू" म्हणेल. म्हणाली, तर फोन ठेवू नकोस. नाटकात किल्लीच्या त्या वाक्यानंतर मला मरावं लागतं, कारण अलकाने तसं लिहिलंय. तुझ्यासाठी कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. खूप बोललास. आता बस, आणि ऐक.

"ए" म्हटलं तरी ओ देणारा,

तुझा अण्णा