तिकीट मिळत होतं

कोबे, जपान, रविवार

दादा,

आई गेल्याचं तू कळवलंस, तेव्हा तिकीट मिळत होतं. तू माझ्यासाठी एक दिवस थांबायलाही तयार होतास. तिकीट मिळत नाही, असं मीच खोटं सांगितलं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठात बौद्ध आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानावर परिसंवाद होता. तिथे निबंध वाचला नसता, तर माझ्या नोकरीची मुदत वाढली नसती.

'मी' असं कायम टिकणारं काही नसतं, ही बौद्ध भूमिका मी मांडली. जर्मनीहून आलेल्या प्राध्यापकांनी विचारलं, "मग माणूस गेल्यावर आपण रडतो ते कुणासाठी?" मी ग्रंथांचे आधार देत चोख उत्तर दिलं. टाळ्या पडल्या. त्याच वेळी तिकडे तू आईला अग्नी देत होतास.

नंतर बाथरूममध्ये तोंडात रुमाल कोंबून मी रडले. ग्रंथांतला एकही आधार माझ्या कामाला आला नाही. तेवढ्यात स्मशानातून तुझा फोन आला.

"अनघा, एकटी आहेस गं तिथे. काही खाल्लंस का?"

मी "हो" म्हणाले. तेही खोटंच होतं.

दादा, मला एकदा शिव्या घाल रे. पण त्यासाठी हे पत्र तुला पाठवावं लागेल, आणि तेवढी हिंमत माझ्यात नाही.

तुझी,
अनघा