मृत पत्नीच्या सहीने नेलेले गवत कापायचे यंत्र

दि. ७ जुलै

प्रति,
मा. व्यवस्थापन अधिकारी,
कर्मचारी वसाहत कार्यालय.

विषय : वसाहतीच्या भांडारातून नाहीसे झालेले, माझ्या मालकीचे, हाताने ढकलायचे गवत कापायचे यंत्र परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपले दि. २ जुलैचे पत्र. "यंत्र आपल्या पत्नीने नेले आहे. त्यांच्याकडे विचारणा करावी."

महोदय,

१. मंगळवार दि. १६ जून रोजी सकाळी मी भांडारात गेलो, तेव्हा यंत्र जागेवर नव्हते. भांडारपाल म्हणाले, "काका, त्याला काय पाय फुटलेत? घरीच असेल, नीट बघा." माझे घर दोन खोल्यांचे आहे. मी नीट बघितले. पलंगाखालीही बघितले.

२. धारदार अवजारे रात्री घरात ठेवू नयेत, हा नियम आपलाच. म्हणून यंत्र सकाळी सही करून न्यायचे आणि संध्याकाळी जमा करायचे, असे आम्ही नऊ वर्षे केले. सही नेहमी पत्नी करायची. नोंदवहीत ९ जूनला यंत्र नेल्याची सही तिचीच आहे. ती ११ मार्चला वारली. भांडारपाल आठवड्याच्या नोंदी शनिवारी एका बैठकीत भरतात आणि सही राहिली असेल तिथे जुने पान बघून स्वतःच करतात. हे मी खिडकीतून पाहिले आहे. म्हणजे सही कुणी केली ते समजले. यंत्र कुणी नेले ते समजले नाही. मात्र फलकावरच्या "अवजारे परत न करणारे" या यादीत तिचे नाव लागले आहे. तिने कुणाची साधी वाटीसुद्धा कधी ठेवून घेतली नाही.

३. यंत्राची ओळख : मोटार नाही. पाच वळलेली पाती गोल फिरतात आणि खालच्या स्थिर पात्याला लागून कात्रीसारखे गवत कापतात. पत्नीने दुकानात सगळी यंत्रे फरशीवर ढकलून पाहिली. दुकानदार रुंद यंत्र घ्या म्हणत होता. ती म्हणाली, "आम्ही म्हातारे होणार आहोत, यंत्र नाही. हलकं द्या." मोटारीचे नको, कारण त्या आवाजात मी हाक मारली तर तिला ऐकू येणार नाही. धार बघायची पद्धतही तिची. ती पात्यांमध्ये वर्तमानपत्राची पट्टी धरायची, मी पाते सावकाश फिरवायचो. पट्टी सरळ न कापता फाटली, की स्क्रू आणखी पाव फेरा आवळायचा.

४. माझा संशय शेजारच्या घर क्र. ८ च्या निवृत्त हिशेबनिसांवर आहे. मोटारीच्या यंत्राने गवताची टोके फाटतात आणि दोन दिवसांत पिवळी पडतात. त्यांच्याकडे वसाहतीचे मोटारीचे यंत्र येत असे, म्हणून टोके कायम पिवळी असत. जूनपासून ती हिरवी आणि सरळ कापलेली आहेत. मी गुडघ्यावर बसून पाहिली आहेत. विचारले तर म्हणाले, "मी कात्रीने कापतो. तुमचं गवत मात्र छान वाढलंय हो, म्हैस आणताय का?" इतके अंगण कात्रीने कापणारा माणूस मी पाहिलेला नाही. तिसऱ्यांदा टोके गोळा करताना त्यांच्या सौभाग्यवतींनी मला पाहिले. त्यांनी माझी तक्रार केली असल्यास ती याच अर्जासोबत वाचावी. भांडारपाल त्यांच्याकडे चहाला जातात, हेही नमूद करतो.

५. आपण मोटारीचे यंत्र पाठवले, ते मी परत केले. गवत आता वीतभर झाले आहे. एवढे वाढलेले गवत आमचे यंत्र कापत नाही, नुसते आडवे पाडते. म्हणजे ते मिळाले तरी आधी विळ्याने छाटावे लागेल. उशीर करण्यामागे कुणाचा हाच हेतू आहे का, हेही तपासावे.

६. काल भांडारपालांनी एक छापील कागद आणून दिला. "काका, सही करून टाका. काकूंचं नाव लगेच काढतो." कागदावर लिहिले आहे : यंत्र घरीच मिळाले, तक्रार नाही. सही केली तर तिचे नाव फलकावरून जाईल आणि यंत्र कुणीही शोधणार नाही. नाही केली तर येणारा-जाणारा तिचे नाव वाचत राहील. यंत्र शोधावे आणि नावही काढावे, दोन्ही करावे, एवढीच विनंती.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
रहिवासी, घर क्र. ७

सोबत :
१. पत्नीच्या मृत्यूचा दाखला, प्रत.
२. घर क्र. ८ च्या गवताची टोके, तीन पाकिटे, तारखांसह.
३. परिच्छेद ६ मधील कागद. त्यावर मी अजून सही केलेली नाही.