विहीणबाईंच्या भाषेची तपासणी

३ मार्च, सोमवार. सायं. ७

लेकीने लग्नाचं सांगितलं. मुलगा इस्पितळात एक्स-रे काढतो. ठीक. वडील हयात नाहीत. वाईट, पण ठीक. आई मंडईत भाजी विकते. मी चहाचा कप खाली ठेवला. सौ. म्हणते आपटला. ठेवला.

नोंदवून ठेवतो की मी उच्चनीच मानत नाही. ऑफिसमधल्या शिपायाला अहोजाहो करतो. त्याच्यासाठी वेगळा कप घरून नेऊन देणारा मीच. प्रश्न फक्त भाषेचा आहे. गेली बावीस वर्षं मी सभागृहाच्या ऑफिसात असंसदीय शब्दांचं रजिस्टर सांभाळतो. सदस्य एकमेकांना जे बोलतात त्यातलं छापायचं काय आणि काढायचं काय, हे यादी बघून मी सांगतो. गाढव, भुरटा, दलाल, बिनडोक, सगळे माझ्या हाताखालून गेलेत. अशा घरात कसली भाषा येणार, हे बापाने बघायला नको?

ठराव: आठवडाभर गुपचूप मंडईत जाऊन बाईंची भाषा तपासायची. एक जरी असंसदीय शब्द निघाला तर नकार. निघणारच. मंडई आहे ती.

४ मार्च. सायं. ८

दुसरी रांग, चौथा गाळा. ओळखू नये म्हणून टोपी. समोर केळीवाल्याकडे उभा राहिलो. वहीत रकाने आखले: शब्द, वेळ, कोणाला उद्देशून. एका गिऱ्हाइकाने प्रत्येक टोमॅटो दाबून पाहिला आणि ते काही न घेता निघालं. मी पेन उघडलं. बाई म्हणाल्या, उद्या ताजे येतील, उद्या या.

संशयास्पद.

एकूण: शून्य. केळी: दोन डझन. सतत उभं राहायचं तर काहीतरी घ्यावं लागतं.

५ मार्च

सभागृहात गरमागरमी. डॉक्टर सदस्य उठले. हृदयरोगतज्ज्ञ, वाणी शुद्ध, इंग्रजी तर ऐकत राहावं. समोरचे सदस्य राजकारणात येण्याआधी टेम्पो चालवायचे. डॉक्टर म्हणाले, टेम्पो हाकणाऱ्याने अर्थसंकल्पावर तोंड उघडू नये, हे सभागृह आहे, मंडई नव्हे. टेम्पोवाले म्हणाले, हे कामकाजातून काढा. कागद माझ्याकडे आला. टेम्पो: यादीत नाही. मंडई: नाही. अर्थसंकल्प: असायला हवा, पण नाही. शेरा दिला: काढण्याजोगा शब्द आढळला नाही.

त्यावर टेम्पोवाले 'बिनडोक' म्हणाले. तो काढला. शेवटी संस्कार लपत नाहीत.

मंडई: शून्य. केळी: एक डझन.

६ मार्च

डॉक्टर सदस्यांचे आज अकरा शब्द काढले. दोन आईवरून होते. रोज लोकांची हृदयं उघडायची म्हणजे ताण येणारच.

मंडईत बाईंनी हाक मारली. भाऊ, तीन दिवस उभे आहात, पाय दुखतील, म्हणून क्रेट उपडा करून दिला. मग विचारलं, ते सभागृहातले लोक भांडताना सारखं मंडई मंडई का म्हणतात, आम्ही त्यांना कमी माप दिलं का? मी समजूत घातली. म्हटलं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते तुमच्याबद्दल नसतं, तुमच्यासारखं वागणाऱ्यांबद्दल असतं. त्यांनी कोथिंबिरीवर पाणी मारायला घेतलं. पटलं असावं.

८ मार्च, शनिवार

अखेर सापडला! गाढव. वेळ ६.१०. पोतं नेणाऱ्या हमालाला उद्देशून. वक्ता: एक ग्राहक.

(मी. पण त्याने पायावर पाय दिला.)

नोंद रद्द. ग्राहकांची तपासणी ठरावात नाही. बाईंनी हमालाला पाणी दिलं आणि मला, पायाला लागलं का, विचारलं. एकूण: शून्य. केळी नको असताना घेतली. सौ. ने कालच्यांकडे बोट दाखवलं.

९ मार्च, रविवार

होकार दिला. मनाचा मोठेपणा लागतो, तो आपल्यात आहे. लेकीला म्हटलं, तुझ्या सासूबाई अजिबात भाजीवाल्या वाटत नाहीत. लेक उठून आत गेली. आनंद झाला की माणूस असं करतं.

लग्नातल्या भाषणाला हात घातला. चिखलात कमळ, दगडात देव वगैरे. नऊ पानं झाली. अजून मुलाच्या आईकडे यायचंय.

१२ मार्च

त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, लखलखीत. मी मोकळेपणाने सांगितलं की इतक्या स्वच्छतेची अपेक्षा नव्हती. मुलगा खिडकीबाहेर बघू लागला. बाई म्हणाल्या, पहिल्याच दिवशी ओळखलं तुम्हाला, वर टोपी होती पण गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच होतं. मी हसलो. वहीत काय लिहीत होतात, त्यांनी विचारलं. अभिमानाने दाखवली. सगळीकडे शून्य! त्यांनी बराच वेळ पाहिली आणि दोन्ही हातांनी परत दिली. मग मी भाषणातली दोन पानं वाचून दाखवली.

चहा घ्या, म्हणाल्या.

१५ मार्च

तीन दिवस लेक बोलत नाही. आज समोर कागद ठेवला. लहानपणापासून माझ्या तोंडून ऐकलेली वाक्यं, म्हणे. अभ्यास कर, नाहीतर भाजी विकत बसशील. भाजीवालीसारखी ओरडू नकोस. हमालासारखं काय जेवतेस. मोलकरणीसारखं रडू नकोस. अशी एकोणीस. तिने विचारलं, बाबा, ह्यातलं काय काढायचं, ते सांगा.

आता हे माझं काम. ऑफिसमधून यादीची प्रत घरी आणलेली आहेच. दीड तास बसून शब्द न् शब्द तपासला. एकही शब्द यादीत नाही. शेरा लिहून दिला: काढण्याजोगं काही आढळलं नाही. सही, तारीख. मला वाटलं, काळजीतून सुटेल बिचारी.

वाचून ती रडायला लागली. मी म्हणणार होतो की अशी मोल—

म्हटलं नाही. शेऱ्याचा कागद परत घ्यायला हात पुढे केला. खोटं कशाला लिहू. पण शेरा बदलता येत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

लग्न शुक्रवारी अकरा वाजता, नोंदणी कचेरीत. मग जेवण. सौ. सगळं ठरवून आली. एकच अट आहे, म्हणाली. मला वाटलं विहीणबाईंची असेल. नाही, लेकीची. बाबांनी यायचं, सही करायची, पोटभर जेवायचं. बोलायचं नाही.

मी म्हटलं, भाषणातलं पहिलं पान तरी? नाही. दोन शब्द? नाही. विहीणबाईंनीच मध्यस्थी केली म्हणे, बाप आहे, निदान नमस्कार तरी म्हणू दे. लेक म्हणाली, हात जोडले की पुरे.

सौ. ने विचारलं, कबूल आहे का. मी तोंड उघडलं. ती बघत राहिली.

मी मान डोलावली.