रिकामा पिंजरा

बॅलारट
१७ ऑगस्ट १९९६

प्रिय आयव्हीस,

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. मी बरा आहे. यंदाचा हिवाळा फार कडक आहे. गॅस बंद केला की नाही हे बघायला झोपल्यावर पुन्हा उठतो. तुझी बहीण वृद्धाश्रमात आहे तशीच. चमचा ओठांशी नेला की तोंड उघडते.

एक विचारायचं होतं. कोपऱ्यावरचा पब विकला आणि बारमागचं ते उघड्या बाईचं चित्र कलादालनात गेलं. गुरुवारी आम्हा पेन्शनवाल्यांना तिथे चहा आणि खायला गोड स्कोन देतात नि चित्रं दाखवतात. समजावून सांगणारी मुलगी, मिस ट्रेलोर, म्हणाली, "पलंगाच्या कडेला बाई बसलीय. शेजारी पिंजरा, दार उघडं, आत पक्षी नाही. जुने चित्रकार असा पिंजरा काढून बाईचं कौमार्य गेलं असं सुचवायचे."

"मग पबात लावलं ते बरोबरच होतं की," पबातला माझा जुना सोबती डग म्हणाला. सगळे हसले. चाळीस वर्षं पहिला ग्लास तिच्याकडे उंचावून 'राणीसाहेब, तुमच्या नावानं' म्हणणारी हीच माणसं. मीही उंचावत होतो. नसता उंचावला तर कारण विचारलं असतं.

"पण मला ते पटत नाही," ती मुलगी म्हणाली. "चेहरा बघा. लाज नाही, बोलावणं नाही. अंगावर कपडे नाहीत हेसुद्धा तिच्या ध्यानात नाही. हात पोटावर. या घरातून कुणीतरी गेलंय."

मी स्कोन खात राहिलो.

"हिचं नाव कुणाला ठाऊक आहे? पाटीवर 'अनामिक स्त्री' लिहावं लागलंय."

डगनं खांदे उडवले. मी दुसरा स्कोन उचलला.

तुला सगळं ठाऊक आहे. आमचं बाळ, कीथ, गेलं त्या हिवाळ्यात नोलानं पोपट सोडून दिला. तो बोलला की बाळ हसायचं. तिला समोर बसवून चित्र काढणाऱ्या चित्रकारानं घरची एखादी वस्तू आण म्हटल्यावर ती पिंजरा घेऊन निघाली. मी म्हटलं, "उघडं बसायचं? लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "तिथं नुसतं बसायचं असतं, लेस. 'रड एकदाची' असं कुणी म्हणत नाही."

नाव सांगू का? डग आणि बाकीचे माझ्याकडे कसे बघतील, या विचारानं जेवण जात नाही. काल नोलालाच विचारलं. ती चमच्याकडे बघत राहिली. चेहरा चित्रातलाच.

तेव्हा येत्या गुरुवारी सांगणार आहे, नोला टॅरंट. तुझी हरकत असेल तर त्याआधी फोन कर. पिंजऱ्याचं मात्र सांगणार नाही. ते आपल्यातच राहू दे.

मोजे पायाला बरोबर बसले.

लेस,
कीथचा बाप