त्रेसष्टांत पहिला

१ फेब्रुवारी, रविवार
राजाजीनगरच्या आमच्या मंडळाची वधूवर वेबसाइट अखेर सुरू केली. एकट्याने. मंडळाने काय दिलं? एक शाल आणि गार उप्पीट. यांना वाटतं, वेबसाइट म्हणजे दारातली रांगोळी.
पहिली नोंद माझीच टाकली. निव्वळ टेस्ट म्हणून. वय छत्तीस लिहिलं. टेस्टमध्ये तीन वर्षं इकडेतिकडे चालतात. मुलींतली पहिली नोंद सेक्रेटरी गुंडूरावांनी त्यांच्या भाचीची करायला लावली. वशिलेबाजी, दुसरं काय.
संकल्प: यापुढे फुकट काम नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार
ऐन मीटिंगमध्ये गुंडूरावांचा फोन. म्हणे, कुठल्याही मुलीच्या बापाने शोधलं तरी एकच मुलगा दिसतो, आणि तो मी. मुलगेवाल्यांनाही एकच मुलगी. स्वल्प, म्हणजे जरा, बघा की, म्हणाले. डोकं सणकलं. बघण्यासारखं काही नाही, असं सुनावलं.
तरी तपासलं. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, बरोबर. डेटाबेस त्रेसष्ट मुलगे पाठवतो, लॉगमध्ये आकडा आहे. पानावर एक येतो. म्हणजे त्रेसष्टांतला उत्तम तेवढाच वर येतो. अशी सोय मी केल्याचं आठवत नाही. पण चांगल्या कोडमध्ये काही गोष्टी आपोआप होतात.

७ फेब्रुवारी, शनिवार
मुलींच्या बापांचे फोन थांबत नाहीत. एकाने पगार विचारला. एकाने विचारलं, फोटोतले केस अजून आहेत का. संताप नुसता. इतकी वर्षं कुठे होते हे? याच मंडळाच्या मेळाव्यात मला पार्किंगला उभं केलं होतं. सगळ्यांना नकार दिला. तत्त्व म्हणून. थोडी मजाही आली.

८ फेब्रुवारी, सकाळ
आज मुलगा म्हणून स्वतः शोधलं. एकच मुलगी आली. देवश्री. गुंडूरावांची भाची, येलहंका, सॉफ्टवेअर. पुन्हा शोधलं. पुन्हा तीच.
एकेचाळीस मुलींतून ती. त्रेसष्ट मुलग्यांतून मी. डेटाबेसला वशिला लागत नाही.

१२ फेब्रुवारी
देवश्रीने स्वतः फोन केला. शनिवारी बेळ्ळंदूरला, माझ्या घराजवळच्या कॅफेत येते, भेटायचंच आहे, म्हणाली. आवाज जरा चढलेला होता. लाजल्यावर काही मुली तशा बोलतात.
शनिवारी तारीख चौदा. तिने निवडली, मी नाही.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ
नवा शर्ट घातला. रिंग रोडच्या ट्रॅफिकने तिचे दोन तास खाल्ले. आली ती भडकूनच. बसल्याबसल्या म्हणाली, गावातल्या सगळ्या मुलांच्या आया तिलाच फोन करतात, ऑफिसात बोलणी बसली, कोड दाखवा. कॉफीसुद्धा मागवू दिली नाही. लॅपटॉप उघडला. मनात म्हटलं, आवडीनिवडी जुळतात.
तिने लगेच एका ओळीवर बोट ठेवलं. “तुम्ही निकालातली पहिली ओळ उचलता आणि दुकान बंद करता. पुढच्या बासष्टांना कोण वाचणार?”
मी म्हटलं, पहिलं यायलाही काही कारण असतं. ती म्हणाली, नोंद आधी झाली, एवढंच कारण. आणि माझ्या कोडमध्ये, माझ्या लॅपटॉपवर, मला न विचारता, एकेक नोंद शेवटपर्यंत वाचणारा दोन ओळींचा लूप घातला आणि वेबसाइटवर चढवला. त्रेसष्टच्या त्रेसष्ट मुलगे पानावर उतरले. इतका राग मला वर्षभरात आला नव्हता.
विषय काढणारच होतो. पण ती यादी वाचत होती. शेवटपर्यंत वाचली. मध्ये एकदा थांबली आणि स्क्रीनचा फोटो काढला.
संकल्प: लूप काढून टाकायचा. उद्याच.

१५ फेब्रुवारी
लूप काढायला बसलो, तेवढ्यात गुंडूरावांचा फोन. आता सगळी मुलं दिसतात, फार छान केलंत, सगळे खूश आहेत. मी म्हटलं, हो, रात्रभर बसलो होतो. झालं. आता काढता येत नाही.

१ मार्च
फोन एकदम बंद. एकही बाप नाही. मोबाइल कंपनीला झापलं. रेंज व्यवस्थित आहे, म्हणतात. खोटारडे. देवश्रीला तीन मेसेज केले. उत्तर नाही. कामात असेल.

१२ एप्रिल, रविवार
देवश्रीचा साखरपुडा झाला. मुलगा ध्रुव. यादीत पार खाली होता. जाणार नव्हतो. गेलो. वेबसाइटवर जुळलेलं पहिलं लग्न म्हणून मला स्टेजवर बोलावलं आणि शाल दिली. मागचीच, दुसऱ्या रंगात. देवश्री म्हणाली, बरं झालं, सगळे दिसले. छान हसली. मला राग यायला हवा होता. आला नाही. वाईट वाटलं. फार.
निघताना गुंडूरावांनी बाजूला घेतलं. “उपेंद्रअण्णा, यादीत सगळ्यात वर तुमचं नाव अजून आहे. ते टेस्टचं ना?”
मी म्हटलं, टेस्टचंच.
घरी येऊन मुलग्यांच्या यादीतून दोन नोंदी काढल्या. ध्रुवची, लग्न ठरलं म्हणून. माझी, टेस्ट होती म्हणून.